एकटीचा वाडगा

आपल्या वाचक भगिनींपैकी कितीतरी जणींची लेक, सून नाहीतर भाची हल्ली जपानात असते. टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाई स्टेशनाच्या आजूबाजूला, २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी गेलेली आपली मंडळी राहू लागली, आणि आज तिथं तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. मग होतं काय, की इथून निघालेली आई बॅगेत भाजणी आणि मेतकूट भरते, महिनाभर मुलीच्या ओट्यापाशी उभी राहून वरणभात रांधते आणि परत येते. टोकियो पाहिलं का? पाहिलं. कामाकुराचा बुद्ध पाहिला, मनोरा पाहिला. खाल्लं काय? तर मेतकूटभात!

मेतकुटाबद्दल माझी तक्रार नाही. मीही नेलं होतं. पण एक जेवण तरी तिथल्या स्टेशनात, तिथल्याच लोकांच्या रांगेत उभं राहून करावं, असं मी आता भेटेल तिला सांगते. त्या जेवणाचं नाव त्सुकेमेन. ‘त्सुकेरु’ म्हणजे बुडवणं आणि ‘मेन’ म्हणजे गव्हाच्या पिठाच्या लांब नूडल्स. एका वाडग्यात उकडून, गार पाण्यात धुऊन निथळलेल्या जाड नूडल्स. दुसऱ्या लहान वाडग्यात दाट, गरम, खारट रस्सा. काड्यांनी चार नूडल्स उचलायच्या, रश्शात बुडवायच्या आणि खायच्या. आमच्या घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, “अगं, शेवया बुडवून खायला एवढं विमानानं जायचं कशाला?” त्यांचं अगदीच काही चुकलं नाही. कोकणातल्या बायकांना शिरवाळे आणि रस काही नवे नाहीत. तिथंही शेव वेगळी, नारळाचा रस वेगळा, आणि दोन्हींची गाठ ताटातच पडते. फरक एवढाच की शिरवाळे गोड आणि चार हातांनी करायचे. आणि हे झणझणीत खारट, एकटीनं खायचं.

एकटीनं, हा शब्द लक्षात ठेवा. त्याबद्दल मला पुढं बरंच बोलायचं आहे.

आधी जागा सांगते. टोकियो स्टेशन हे स्टेशन कसलं, जमिनीखाली पसरलेलं एक गावच आहे. १९१४ च्या डिसेंबरात ते सुरू झालं. मारुनोउची बाजूला तात्सुनो किंगो या वास्तुशिल्पकाची लाल विटांची इमारत आहे. १९४५ च्या बॉम्बवर्षावात तिचे घुमट आणि वरचा मजला जळला, आणि २०१२ साली ती पुन्हा पहिल्यासारखी उभी केली. फोटो काढायचे ते या बाजूला. पोट भरायचं ते पलीकडे, याएसु बाजूला. तिथं तिकिटाच्या फाटकांच्या बाहेर, तळघरात ‘टोकियो रामेन स्ट्रीट’ म्हणून एक बोळ आहे. २००९ साली चार दुकानांनी तो सुरू झाला आणि २०११ मध्ये आठ दुकानं झाली. त्यात सगळ्यांत लांब रांग जिथं दिसेल ते बहुधा रोकुरिन्शा.

या दुकानाची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांचं पहिलं दुकान २००५ साली ओसाकी भागात निघालं. रांगा इतक्या लांबल्या की शेजारच्या घरांना त्रास होऊ लागला, आणि २०१० साली ते दुकान चक्क बंद करावं लागलं. विचार करा, गिऱ्हाईक फार झालं म्हणून दुकान बंद! तोवर स्टेशनातलं दुकान सुरू झालं होतं. स्टेशनाच्या पोटात रांगेचा त्रास कोणाला? तिथं सगळेच कुठल्या ना कुठल्या रांगेत असतात.

निशी-कासाईहून तोझाई मार्गाच्या गाडीनं ओतेमाचीला उतरलं की जमिनीखालूनच चालत टोकियो स्टेशनात जाता येतं. मी आणि माझी भाची तशाच गेलो. दुपारी बारा ते दीडमध्ये जाऊ नका, कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी असते. सर्वांत सोयीचं म्हणजे सकाळ. रोकुरिन्शा सकाळी साडेसातला उघडतं आणि न्याहारीच्या वेळी थोडं हलकं त्सुकेमेन देतं. शिंकान्सेननं क्योटोला वगैरे निघायचं असेल त्या दिवशी तास-दीड तास आधी निघावं आणि खाऊनच गाडीत बसावं. गाडीत डबा खाण्याची त्यांची रीतही छान आहे, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

दारापाशी एक यंत्र असतं. त्यात पैसे टाकायचे, हव्या त्या पदार्थाचं बटण दाबायचं, की तिकीट बाहेर येतं. पुष्कळ ठिकाणी बटणावर चित्र असतं, त्यामुळे वाचता येत नाही म्हणून अडत नाही. किंमत हजार येनच्या आगेमागे. रामेनच्या धंद्यात ‘हजार येनची भिंत’ असा एक शब्दच आहे, की त्याच्यावर किंमत गेली तर गिऱ्हाईक नाक मुरडेल! अलीकडच्या महागाईत ती भिंत बऱ्याच जणांना ओलांडावी लागली. एक सूचना. मोठा वाडगा घेऊ नका. त्सुकेमेनमध्ये नूडल्स साध्या रामेनपेक्षा मुळातच जास्त असतात, आणि जाड असल्यानं पोटात बसतात. साधा वाडगासुद्धा आपल्या दोन बायकांना पुरेल.

पण दोघींत एक घ्यायचं नाही, बरं का. ते तिथं बरं दिसत नाही. जागा थोडी, रांग मोठी. जी बसेल तिनं एक वाडगा घ्यावा, असा शिरस्ता. मी भाचीला म्हटलं, “अगं, एक घेऊ आणि वाटून खाऊ.” ती म्हणाली, “मावशी, इथं वाटून नसतं. तुझं तू, माझं मी.” आणि झालंही तसंच. आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाल्या नाहीत. ती काउंटरच्या त्या टोकाला, मी या टोकाला. माझ्या डाव्या हाताला टायवाला कारकुनासारखा एक गृहस्थ. उजव्या हाताला माझ्याच वयाची एक बाई, पायाशी भाजीची पिशवी.

नूडल्स यायला वेळ लागतो. जाड असल्यामुळे त्या साध्या रामेनपेक्षा कितीतरी जास्त वेळ शिजतात, आणि मग गार पाण्यात चोळून धुतात. धुतल्यानं वरचा चिकटा निघून जातो आणि नूडल घट्ट, लवचीक होते. ती पिवळसर दिसते ती अंड्यामुळे असं पुष्कळांना वाटतं. कुठं कुठं अंडं घालतातही, पण खरी करामत क्षाराची. ‘कान्सुई’ नावाचं क्षाराचं पाणी कणकेत घालतात. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो ना, त्याच जातीचं ते. गव्हाच्या पिठाला क्षार लागला की रंग पिवळट येतो आणि चावायला चिवटपणा येतो. साध्या शेवयांना तो नसतो, म्हणून त्या रश्शात लगेच मऊ पडतात.

रस्सा कशाचा, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या तुम्ही मला शिव्या द्याल. त्यात डुकराची आणि कोंबडीची हाडं तासन् तास उकळलेली असतात, आणि सुके मासे. बोनिटो, बांगडा, लहान तारल्या. वर डुकराच्या मांसाचे तुकडे, बांबूचे कोंब, आणि समुद्रशेवाळाच्या कागदावर माशाच्या पुडीची छोटीशी रास तरंगत ठेवलेली. ज्यांना डुक्कर चालत नाही त्यांनी वरचे तुकडे बाजूला काढून भागत नाही, कारण ते रश्शातच मुरलेलं असतं. हे मुलीला आधी विचारून घ्यावं, संकोच करू नये. शाकाहारी बहिणींसाठी त्याच स्टेशनात, पण फाटकांच्या आत, केइयो मार्गाकडे जाताना ‘टीज तानतान’ नावाचं दुकान आहे. तिथं मांस, मासे, अंडी, दूध काहीच वापरत नाहीत, आणि तीळ-दाण्याचा इतका सुंदर दाट रस्सा करतात की मांसाहारी माणसंही रांगेत असतात. ते त्सुकेमेन नव्हे, रश्शातल्याच नूडल्स, पण पोटाला आणि मनाला शांत. मला स्वतःला सगळं चालतं. आमच्या सासूबाई हयात असत्या तर हे वाक्य मी छापायला दिलं नसतं.

वाडगे पुढ्यात आले. मी शेजारच्या बाईंकडे पाहून शिकायचं ठरवलं. त्यांनी पर्समधून रबर काढून केस मागं बांधले. काउंटरवरून कागदी एप्रन मागून घेतला. मग पहिल्या चार नूडल्स काहीच न लावता तशाच खाल्ल्या, जणू चव पाहत होत्या. मग अर्ध्याच बुडवल्या, पूर्ण नाही. रस्सा इतका तेज असतो की पूर्ण बुडवली तर नुसतं मीठच लागतं. आणि मग त्यांनी जो सुर्रकन आवाज केला म्हणता! आपल्या आईनं पाठीत धपाटाच घातला असता. तिथं मात्र कोणी वळूनही पाहत नाही. नूडलबरोबर हवा आत ओढली की माशाचा, रश्शाचा वास नाकाच्या मागून वर चढतो आणि चव दुप्पट होते. गरम रामेनमध्ये तो आवाज निववण्यासाठी म्हणतात. इथं नूडल गारच, तेव्हा तो निव्वळ चवीसाठी. मी प्रयत्न केला, पण जमला नाही. पन्नास वर्षांचं वळण एका दुपारी कसं मोडणार?

कोणी बोलत नव्हतं. आत कामाची माणसं काय ती मोठ्यानं स्वागत करतात, निरोप देतात. बाकी सगळा सुर्र सुर्र आवाज. आणि मला एकदम जाणवलं, की मला करायला काहीच नाही. कोणाला वाढायचं नाही. कोणाच्या ताटात भाजी संपली हे बघायचं नाही. “तू बस ना आता,” असं म्हणणारं कोणी नाही, कारण मी बसलेलीच आहे. समोरचा वाडगा माझा, आणि तो गार व्हायच्या आत संपवणं एवढंच माझं काम.

भगिनींनो, मागच्या महिन्यात तव्यावरची पहिली पोळी कितीदा तुमच्या ताटात पडली, ते जरा आठवून पाहा. आपण पोळ्या करतो तेव्हा बाकीचे जेवतात, आपण बसतो तेव्हा बाकीचे हात धुतात. मग उरलेली भाजी, तळाचा भात, आणि “टाकवत नाही” म्हणून कोणाच्या ताटातला अर्धा लाडू. मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. आमचे हे उलट अनेकदा म्हणतात, एकत्र बसू. पण मीच उठते. सवय इतकी हाडात गेली आहे की गरम जेवताना आपलं काहीतरी चुकतंय असं वाटतं. आणि बाहेर जेवायचं म्हटलं तर? नवऱ्याबरोबर, मुलांबरोबर, भिशीच्या मैत्रिणींबरोबर. एकटी? आपल्या गावातल्या खाणावळीत आजही ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ अशी पाटी असते. एकटी बाई आत शिरली तर ती फॅमिली की नाही, हे त्या पोऱ्यालाही ठरवता येत नाही. तो “आणखी कोणी येणार आहेत का?” असं विचारतो, आणि आपण उगाच घड्याळाकडे पाहतो.

जपानात सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. रामेनचं दुकान हे तिथं फार काळ पुरुषांचंच ठिकाण होतं. बाईनं एकटीनं शिरायचं म्हणजे तिथंही धाडसच, आणि अजूनही कितीतरी जणी काचेतून आत डोकावून मागं फिरतात असं भाचीनं सांगितलं. २०१३ पासून तिथं एक चित्रकथा गाजते, ‘रामेन दाइसुकी कोइझुमी-सान’. तिची नायिका एक शाळकरी मुलगी, आणि तिचं वेगळेपण काय, तर ती एकटी जाऊन रामेन खाते! तेवढ्यावर मालिका निघाल्या. म्हणजे ते किती नवलाचं वाटत असेल, बघा. एकट्या माणसाला जपानीत मानानं ‘ओहितोरिसामा’ म्हणतात. हॉटेलात “आपण एकटेच का?” असं विचारताना वापरायचा हा आदराचा शब्द. समाजशास्त्रज्ञ उएनो चिझुको यांनी २००७ साली एकट्या बायकांच्या म्हातारपणावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावात हाच शब्द होता, आणि ते पुस्तक खूप खपलं. लग्न झालेल्या बाईलाही आज ना उद्या एकटीनं राहावं लागतं, हा त्यातला मुद्दा तिथल्या बायकांच्या मनाला लागला.

आता हा पदार्थ निघाला कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. यामागिशी काझुओ नावाचे एक स्वयंपाकी होते. १९५० च्या दशकात टोकियोच्या नाकानो भागात ‘ताइशोकेन’ या दुकानात ते काम करत. नूडल्स उकडून काढताना चाळणीला थोड्या थोड्या चिकटून राहतात. दिवसभरात त्या जमल्या की दुकानातली माणसं एका कपात थोडा रस्सा आणि सोया सॉस घेऊन त्यात बुडवून खात. म्हणजे बघा हं, उरलंसुरलं, उभ्या उभ्या, कामाच्या मध्ये. आपल्याला हे जेवण चांगलं ओळखीचं आहे! एका गिऱ्हाइकानं ते पाहिलं आणि म्हणाला, मलाही द्या. यामागिशींनी त्यावर मेहनत घेतली, रश्शात थोडी साखर आणि व्हिनेगर घालून तो गार नूडल्सना जुळेल असा केला, आणि १९५५ साली ‘खास मोरिसोबा’ या नावानं तो पाटीवर आला. त्सुकेमेन हे नाव पुढं १९७० च्या दशकात रुळलं.

१९६१ साली त्यांनी हिगाशी-इकेबुकुरोमध्ये स्वतःचं ताइशोकेन काढलं. बायको बरोबरीनं दुकानात राबत होती. १९८६ साली ती कर्करोगानं गेली, आणि दुकान कितीतरी महिने बंद राहिलं. नेहमीची गिऱ्हाइकं वाट पाहत राहिली, तेव्हा कुठं त्यांनी पुन्हा भट्टी पेटवली. पुढं त्यांनी शंभराहून जास्त शिष्य तयार केले. कृती लपवून ठेवली नाही. २००७ साली त्या भागातली जुनी घरं पाडायची होती म्हणून दुकान बंद झालं. शेवटच्या दिवसांतल्या रांगा वर्तमानपत्रांत आल्या. पुढच्याच वर्षी ते जवळच पुन्हा सुरू झालं. २०१५ च्या एप्रिलमध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, ते वारले. लोक त्यांना रामेनचा देव म्हणतात. देवाच्या शेजारी पंचवीस वर्षं जी भांडी आणि गिऱ्हाइकं सांभाळत होती, तिचं नाव फार कमी ठिकाणी वाचायला मिळतं. हे मी सहज म्हणून सांगितलं.

आता शेवटाकडचा भाग, जो बऱ्याच नवख्या बायका न खाताच उठतात. नूडल्स संपल्या की लहान वाडग्यात थोडा दाट रस्सा उरतो. तो तसा पिण्यासारखा नसतो. तेव्हा म्हणायचं, “सूप-वारी.” मग ते त्यात गरम, फिकं सार घालून देतात. काही दुकानांत काउंटरवरच किटली ठेवलेली असते. त्यानं रस्सा पातळ होतो, कोमट झालेला पुन्हा गरम होतो, आणि मग तो घोट घोट प्यायचा. सोबा नूडल्सच्या जुन्या दुकानांत नूडल्स उकडलेलं पाणी असंच शेवटी देतात, तीच ही रीत. आपण कटाच्या आमटीत पुरणाचा कट वाया जाऊ देत नाही, त्यातलाच संसारीपणा मला यात दिसला. फक्त ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी दोन घोटांवर थांबावं. जपानच्या आरोग्य खात्याच्या २०२० च्या सूचनेप्रमाणे बाईनं दिवसाला साडेसहा ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, आणि अशा जेवणातला रस्सा सगळा प्यायला तर दिवसाचं माप त्यातच जवळजवळ भरतं.

माझ्या शेजारच्या बाईंनी सूप-वारी प्यायली, वाडगा उचलून वरच्या फळीवर ठेवला, काउंटरचा आपला भाग फडक्यानं पुसला, पिशवी उचलली आणि गेल्या. वीस मिनिटं असतील नसतील. त्या घरी जाऊन कोणासाठी काय रांधणार होत्या, मला काय माहीत. पण जाताना त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती.

घरी आल्यावर मी हे दोन-तीनदा करून पाहिलं. डुकराच्या हाडांच्या भानगडीत न पडता, तीळ-दाण्याचा रस्सा. प्रमाण दोघींसाठी.

आधी सार करून घ्या. चार कप पाण्यात पाच-सहा अळंबीचे देठ, कोबीची बाहेरची चार पानं, अर्धा कांदा आणि आल्याचा तुकडा घालून मंद आचेवर अर्धा तास उकळा आणि गाळा. तीन कप उरलं पाहिजे. तीन मोठे चमचे तीळ खमंग भाजा, करपवू नका, नाहीतर रस्सा कडू होतो. त्यात दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, चार पाकळ्या लसूण आणि दोन सुक्या मिरच्या घालून थोड्या साराबरोबर गंधासारखं वाटा. कढईत चमचाभर तेलावर अळंबीचे काप परता, वाटण घाला, तेल सुटेपर्यंत परता. दीड कप सार, तीन मोठे चमचे सोया सॉस आणि सुपारीएवढा गूळ घालून दाट होऊ द्या. उतरवल्यावर चमचाभर व्हिनेगर. चाखून पाहाल तेव्हा तो जरा जास्तच खारट लागला पाहिजे, कारण नूडल्सना स्वतःची चव नसते. उरलेलं सार गरम ठेवा, ते सूप-वारीला. मासे खाणाऱ्यांनी साराच्या पाण्यात मूठभर सुकी मांदेली डोकी काढून, कोरडी भाजून घालावी. डोकी आणि पोटातली घाण राहिली तर कडवटपणा येतो. आणि रश्शावर भाजलेल्या सुकटीची पूड भुरभुरावी.

नूडल्स तसल्या मिळाल्या नाहीत तर जाड स्पघेटी घ्या, दोनशे ग्रॅम. जपानी गृहिणींचीच ही युक्ती आहे. दोन लिटर पाणी उकळून त्यात लिटरमागे दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा घालायचा आणि त्यात स्पघेटी शिजवायची. क्षारामुळे ती पिवळी आणि चिवट होते, जवळजवळ रामेनसारखी. सोडा घातला की पाणी दुधासारखं उतू येतं, म्हणून मोठं पातेलं घ्या आणि ते अर्धंच भरा. पातेलं स्टीलचंच हवं. अ‍ॅल्युमिनियमचं घेतलंत तर सोड्यानं ते काळं पडेल आणि काळं पाणी नूडल्सनाही लागेल. शिजली की चाळणीत ओतून गार पाण्याखाली तीन वेळा चोळून धुवा. सोड्याची चव राहता कामा नये. थंडीच्या दिवसांत धुतलेल्या नूडल्सवर पुन्हा कढत पाणी ओतून निथळल्या तरी चालतात. तिथंही गरम हव्या असतील तर ‘आत्सुमोरी’ म्हणून मागतात.

नूडल्स शेवटी, म्हणजे खाणारी पाटावर बसल्यावरच शिजवायला टाका. धुऊन ठेवलेल्या नूडल्स दहा मिनिटांत एकमेकींना चिकटतात. रस्सा सकाळी करून ठेवता येतो. दुपारी घरात कोणी नसताना एकटीसाठी करायचं असेल तर सगळं निम्मं घ्या. सोडा मात्र पाण्याच्या मापानंच घाला.